कर्सिव्हची घाई कशासाठी?

पिंपळनेर (ता. साक्री) : जून महिन्यात शाळा उघडण्याच्या सुमारास वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढे पालकांची गर्दी होते आणि दुरेघी, एकेरी, चौरेघी अशा वह्यांच्या गठ्ठ्यांत आणखी एका पुस्तिकेची मागणी हमखास होते. ही पुस्तिका कर्सिव्हची, म्हणजे इंग्रजी अक्षरे एकमेकांना जोडून, हात न उचलता लिहिण्याच्या सरावाची असते. शहरांतील इंग्रजी शाळांत ही लपेटीदार लिपी बालवर्गापासून गिरवून घेण्याची प्रथा जुनी आहे. सेमी-इंग्रजी वर्ग आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्यावर ही प्रथाही सोबत आली. शेजारच्या मुलीची वही लपेटीदार अक्षरांनी भरलेली दिसली, की आपला मुलगा मागे पडल्याची रुखरुख पालकांना लागते. पाच वर्षांच्या मुलाला कर्सिव्ह शिकवावे की नाही, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की पाचव्या वर्षी शिकवू नये. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांतील सुटी अक्षरे मुलाच्या हातात पक्की बसल्यावर, म्हणजे साधारणपणे तिसरीच्या वर्षात, रोज थोडा वेळ देऊन शिकवावे आणि त्याचा हेतू वेग हा असावा, दिखावा नव्हे. ‘का?’ आणि ‘कसे?’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मात्र थोडी विस्ताराने पाहण्यासारखी आहेत. त्यातील काही तर खानदेशातच, धुळ्याच्या जुन्या दप्तरांत सापडतात.

हाताचे वय

महाराष्ट्रात २००० सालच्या जूनपासून मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. तोपर्यंत मराठी शाळेतील मुलाची इंग्रजी अक्षरांशी ओळख होई ती पाचवीत, म्हणजे दहाव्या वर्षाच्या आसपास. त्या वयात हात तयार झालेला असे, देवनागरी पक्की झालेली असे, त्यामुळे जोडून लिहिलेली इंग्रजी काही महिन्यांत जमून जाई. इंग्रजी चार वर्षे अलीकडे आली, तशी कर्सिव्हही नकळत अलीकडे ओढली गेली. हात मात्र पूर्वीच्याच गतीने वाढतो.

मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेच्या रूपात असतात आणि पुढे एकामागून एक घट्ट होत जातात. शेवटचे हाड आठव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान तयार होते. बोटांच्या बारीक स्नायूंवरील ताबाही असाच सावकाश येतो. साधारण तिसऱ्या वर्षी मूल पाहून वर्तुळ काढू शकते, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, पाचव्याच्या आसपास चौकोन आणि त्यानंतर त्रिकोण. तिरप्या बाजूंचा, पतंगाच्या आकाराचा चौकोन मात्र सहा-सात वर्षांच्या आत सहसा नीट जमत नाही. कर्सिव्हमध्ये तिरप्या रेषा आणि उलटसुलट वळणे पावलोपावली येतात. ज्या हाताला अजून पतंग काढता येत नाही, त्या हाताकडून फास, वेलांट्या आणि जोडरेघा यांची अपेक्षा करणे म्हणजे चालायला लागलेल्या मुलाला सायकलवर बसवण्यासारखे आहे.

आपल्या मुलांपुढे आणखी एक अडचण असते आणि कर्सिव्हचा आग्रह धरणारे तिचा विचार क्वचितच करतात. पिंपळनेर परिसरातील अनेक घरांत अहिराणी बोलली जाते, पश्चिमेकडील पाड्यांवर कोकणी वा भिली. शाळेत मूल प्रथम प्रमाण मराठी ऐकते, त्याच वर्षी देवनागरी लिहायला लागते आणि त्याच वर्षी रोमन लिपीही. या दोन्ही लिप्यांचे ओळीशी असलेले नाते परस्परविरुद्ध आहे. देवनागरीचे अक्षर वरच्या रेघेला लटकते, तर इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभे राहते. काही अक्षरांचे शेपूट तर रेघेखाली जाते. देवनागरीत शब्द पूर्ण झाल्यावर शिरोरेघ ओढायची, इंग्रजीत तशी रेघच नाही. इंग्रजीची लहान आणि मोठी अक्षरे मिळून बावन्न आकार होतात. त्यात कर्सिव्हची भर घातली, की ‘आर’, ‘एस’, ‘एफ’, ‘झेड’ यांसारख्या अक्षरांची आणखी वेगळीच रूपे येतात. पाठ्यपुस्तकात अक्षर एका रूपात छापलेले, फळ्यावर दुसऱ्या रूपात आणि वहीत तिसऱ्या! सहा वर्षांच्या मुलाने यातले नेमके कोणते खरे मानावे?

आपली स्वतःची कर्सिव्ह

जोडून, भरभर लिहिण्याची लिपी ही इंग्रजांची देणगी नव्हे. मराठी मुलखात शतकानुशतके मोडी लिपी हेच काम करीत होती. मोडीत आधी पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढली जाई आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलीत अक्षरे त्या रेघेला टांगली जात. शब्दांमध्ये जागा सोडली जात नसे, विरामचिन्हे नसत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा पाळला जात नसे. कारकुनाचा हात धावता राहावा, यासाठीच ही सारी सोय. चिटणीसी, बिवलकरी अशी तिची नामांकित वळणेही होती. याउलट धर्मग्रंथ, काव्य, पोथ्या यांच्यासाठी बाळबोध लिपी वापरीत. बाळांनाही बोध व्हावा ती बाळबोध, असा या नावाचा उलगडा केला जातो. सुवाच्य लिपी वेगळी आणि वेगाची लिपी वेगळी, ही विभागणी आपल्याकडे अशी जुनी आहे.

या विभागणीच्या दोन्ही बाजू धुळ्यात शेजारी-शेजारी पाहायला मिळतात. पिंपळनेरवरून वाहणारी पांझरा पुढे धुळ्यात जाते. तेथील समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातील वाल्मीकी रामायण जपून ठेवलेले आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या संशोधन मंडळात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. एका ठिकाणी सावकाश घोटलेले अक्षर, दुसऱ्या ठिकाणी धावते.

समर्थांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनाच्या क्रियेलाच वाहिला आहे. लेखणी कशी तासावी आणि ओळी कशा राखाव्यात इथपासून अक्षराला गोलाई हवी, ते सरळ हवे, एकमेकांपासून सुटे हवे, ग्रंथाच्या आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखे हवे इथपर्यंतचे मार्गदर्शन त्यात आहे. तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी स्वतःलाच वाचता येत नाही, म्हणून मध्यम आकाराचे लिहावे, असा व्यवहारी सल्लाही ते देतात. सुलेखनाच्या कोणत्याही आधुनिक वर्गात आजही हेच शिकवतील.

मोडीचे पुढे काय झाले, हेही या प्रश्नात महत्त्वाचे आहे. छापखान्याने बाळबोध स्वीकारली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतून बाहेर पडली. वेगासाठी घेतलेल्या सवलती वाचणाऱ्याच्या अंगावर आल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्या जाणकारांना शोधून आणावे लागले, याचा अनुभव राज्याने घेतला आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी त्या नोंदी सहज वाचल्या असत्या, त्यांना आपल्याच घराण्याचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. वेगाने लिहिलेले अक्षर वाचता आले नाही, तर त्याचा उपयोग किती उरतो? डॉक्टरांच्या चिठ्ठीबाबतही हाच धडा मिळाला. औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या, सुट्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेला २०१६ मध्ये करावा लागला. लपेटीदार अक्षराच्या कौतुकात ही बाब विसरता कामा नये.

मग शिकवायचेच कशाला?

हा प्रश्न आता जगभर विचारला जातो आणि त्याची उत्तरे एकसारखी नाहीत. अमेरिकेत २०१० मध्ये आलेल्या समान अभ्यासक्रम-मानकांत कर्सिव्हला स्थान नव्हते. पुढे अनेक राज्यांनी ती परत आणली. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते सहावीसाठी जोडून लिहिण्याचे शिक्षण बंधनकारक केले. फिनलंडने २०१६ च्या शरद ऋतूपासून ती सक्तीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकली. इंग्लंडमध्ये मुले सहा-सात वर्षांची झाली, की अक्षरे जोडू लागतात. मात्र कोणती अक्षरे न जोडणे बरे, हेही तेथे शिकवले जाते. फ्रान्समध्ये सहाव्या वर्षापासूनच जोडून लिहितात. फ्रान्सचे उदाहरण कर्सिव्हचे समर्थक आवर्जून देतात. पण फ्रेंच मूल एकच लिपी शिकते आणि त्याच्या वर्गात सर्वत्र तेच वळण गिरवले जाते. आपल्या मुलाला ती चैन नाही.

कर्सिव्हच्या बाजूनेही बोलण्यासारखे बरेच आहे. ‘बी’ आणि ‘डी’ या सुट्या अक्षरांची अदलाबदल लहान मुले नेहमी करतात. कर्सिव्हमध्ये या दोन अक्षरांची सुरुवातच वेगळी असल्याने घोटाळा कमी होतो. शब्द एकसंध लिहिला जातो, त्यामुळे दोन शब्दांतील अंतर आपोआप राखले जाते. हात कमी वेळा उचलावा लागतो. मात्र या फायद्यांचे माप किती, हे पाहायला हवे. स्टीव्ह ग्रॅहम, व्हर्जिनिया बर्निंगर आणि नओमी वाइनट्रॉब या संशोधकांनी १९९८ मध्ये चौथी ते नववीच्या सुमारे ६०० विद्यार्थ्यांचे हस्ताक्षर तपासले. त्यात निव्वळ सुटे लिहिणारे आणि निव्वळ कर्सिव्ह लिहिणारे या दोघांपेक्षा दोन्हींचे मिश्रण करणारे विद्यार्थी अधिक वेगाने लिहीत असल्याचे आढळले. जी अक्षरे सहज जुळतात ती जोडावीत, जी अडतात ती सुटी ठेवावीत, ही तडजोड मुले मोठी होताना स्वतःच शोधून काढतात. तेव्हा शंभर टक्के शुद्ध कर्सिव्हचा हट्ट धरण्यात फारसे हशील नाही.

वेगाची गरज मात्र खरी आहे. दहावीची भाषेची उत्तरपत्रिका आजही तीन तास हातानेच लिहावी लागते आणि ‘पेपर येत होता, पण वेळ पुरला नाही’ ही तक्रार घराघरांत ऐकू येते. हाताने भरभर लिहिण्याची किंमत खानदेशाने तर आणखी मोठ्या प्रसंगी पाहिली आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी ऐकता ऐकता लिहून घेतली. तो हात बोलण्याच्या गतीने धावला, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक मराठी वाचकांच्या हाती आले. हेच साने गुरुजी त्याआधी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. अक्षर विचाराच्या मागे अडखळत राहिले, तर विचार थांबतो. मुलाला वेगवान लिपी द्यायची ती एवढ्यासाठी.

वेळ आली, हे कसे ओळखावे?

वयापेक्षा मुलाची वही अधिक सांगते. पेन्सिल अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत सैलसर धरली जाते का? इंग्रजीची सव्वीस लहान अक्षरे न पाहता, योग्य ठिकाणाहून सुरुवात करून लिहिली जातात का? अक्षर चौरेघीच्या योग्य घरात बसते का? चार-पाच ओळी लिहिल्यावर हात दुखत नाही ना? मराठीचे साधे वाक्य काना-मात्रांसह लिहिता येते का? या प्रश्नांची उत्तरे ‘हो’ अशी असतील, तर सुरुवात करायला हरकत नाही. एखादी मुलगी दुसरीच्या शेवटीच तयार होते, एखादा मुलगा चौथीपर्यंत थांबतो. त्यात कमीपणा काही नाही. त्याआधी मातीकाम, कात्रीने कागद कापणे, मणी ओवणे, रांगोळीचे ठिपके जोडणे आणि भरपूर चित्रे काढणे ही खरी पूर्वतयारी. आपले अक्षर वाईट असल्याची खंत महात्मा गांधींनी आत्मकथेत नोंदवली आहे. मुलांना अक्षरे लिहायला शिकवण्याआधी चित्रकला शिकवावी, असे मतही त्यांनी तेथेच मांडले आहे.

ठिपक्यांवरून अक्षरे गिरवण्याच्या पुस्तिकांवर फार भिस्त ठेवू नये. इंडियाना विद्यापीठातील करिन जेम्स यांनी २०१२ मध्ये, अजून वाचू न लागलेल्या पाच वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग येथे उपयोगी पडतो. काही अक्षरे मुलांनी मोकळ्या हाताने लिहिली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कळफलकावर टंकली. नंतर ती अक्षरे पाहताना मेंदूतील वाचनाशी निगडित भाग उजळले, ते मोकळ्या हाताने लिहिलेल्या अक्षरांसाठी. चार वेळा गिरवले, तर पाचव्यांदा पुस्तिका मिटून कोऱ्या ओळीवर लिहायला सांगावे.

शिकवण्याचा क्रम ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत नसावा. मराठी शाळांतील गुरुजी मुळाक्षरे ‘ग म भ न’ अशी शिकवतात, कारण एकाच वळणाची अक्षरे एकत्र शिकली, की हाताला ती लवकर बसतात. कर्सिव्हलाही हाच न्याय लावावा. ‘सी’चे वळण आले, की ‘ए’, ‘डी’, ‘जी’, ‘ओ’, ‘क्यू’ त्यातूनच निघतात. ‘आय’, ‘यू’, ‘टी’ ही चढत्या रेघेची भावंडे. ‘ई’, ‘एल’, ‘एच’, ‘के’, ‘बी’, ‘एफ’ यांना फास असतो, तर ‘एन’ आणि ‘एम’ यांना टेकडी. खरी अडचण अक्षरांत नसून जोडात असते. बहुतेक अक्षरांचा जोड खालच्या रेघेवरून निघतो. पण ‘ओ’, ‘व्ही’, ‘डब्ल्यू’ आणि ‘बी’ यांचा वरून. त्यामुळे ‘ओ’नंतर ‘एस’ किंवा ‘व्ही’नंतर ‘ई’ आली, की मुले हमखास अडतात. म्हणून सुट्या अक्षरांची पाने भरण्यापेक्षा दोन-दोन अक्षरांच्या जोड्या आणि मग छोटे शब्द लिहून घ्यावेत. मुलाचे स्वतःचे नाव, आईचे नाव, गावाचे नाव यांपासून सुरुवात केली, तर त्याला कंटाळा येत नाही. मोठी अक्षरे सुटीच ठेवली तरी चालतात. वेळ रोज दहा-पंधरा मिनिटांचा पुरे. रविवारी तासभर बसवून चार पाने लिहून घेण्याने अक्षर सुधारत नाही, उलट शेवटच्या पानावर बिघडते.

बसण्याकडे लक्ष द्यावे. पाय जमिनीला टेकलेले, दुसऱ्या हाताने कागद धरलेला. जमिनीवर बसून लिहायचे असेल, तर मांडीवर वही घेण्याऐवजी छोटे डेस्क वा पाट घ्यावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने कागदाचा वरचा भाग किंचित डावीकडे झुकवावा, डावखुऱ्याने उजवीकडे. डावखुऱ्या मुलाने पेन्सिल टोकापासून थोडी वर धरावी, म्हणजे लिहिलेले दिसते आणि बोटांनी पुसलेही जात नाही. त्याला उजव्या हाताने लिहायला भाग पाडण्याची जुनी सवय अजूनही काही घरांत दिसते; ती सोडून द्यावी. शिवाय घरात आणि शाळेत एकच वळण असावे. शिकवणीत वेगळे, शाळेत वेगळे, वडिलांच्या सहीसारखे तिसरेच, असे झाले तर मुलाचा गोंधळ उडतो. मराठी अक्षरांच्या बाबतीतही हे खरे आहे. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हीच मराठीची रूपे असल्याचे राज्य शासनाने २००९ मध्ये आदेश काढून ठरवून दिले, ते अशा घोळामुळेच.

काही मुलांना मात्र पुरेसा वेळ आणि सराव देऊनही लिहिणे जमत नाही. ते तोंडी उत्तरे चटचट देतात, गोष्ट रंगवून सांगतात. पण वहीत अक्षरे लहान-मोठी होतात, ओळ सुटते, फळ्यावरून उतरवताना निम्मा मजकूर राहतो. याला आळस किंवा हट्ट म्हणून शिक्षा केली जाते आणि ‘हेच पान दहा वेळा लिही’ असे सांगितले जाते. ही लेखनक्षमतेतील अडचण असू शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तिचे प्रमाणपत्र मिळालेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या परीक्षांत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दुसरी-तिसरीपर्यंत ही लक्षणे कायम राहिली, तर पालकांनी वर्गशिक्षकांशी बोलून मुलाची तपासणी करून घ्यावी. आधी डोळ्यांची, मग गरज पडल्यास जिल्हा रुग्णालयाकडे चौकशी करून अध्ययन अक्षमतेची. अशा मुलाला कर्सिव्हची सक्ती तर करूच नये. त्याची सुटी अक्षरे वाचता येत असतील, तर ती तशीच राहू द्यावीत.